न विरघळलेल्या चोथ्यातले रेडिअम

रेडिअमची चाहूल लागली ती त्याच्या किरणांमुळे. ते प्रत्यक्ष हाती आले ते मात्र क्षारांच्या विद्राव्यतेमुळे. १८९८ ते १९०२ या काळात मारी आणि पिएर क्यूरी यांनी पॅरिसमध्ये टनावारी खनिज चोथा उकळला, धुतला, गाळला आणि आटवला. त्यातून शेवटी शुद्ध रेडिअम क्लोराइड निघाले ते साधारण एक डेसिग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा दहावा भाग. या सगळ्या खटाटोपात पायरीपायरीला प्रश्न एकच होता: कोणता क्षार पाण्यात उतरतो आणि कोणता तळाशी राहतो?

विद्राव्यतेचे नियम

कोणते क्षार पाण्यात विरघळतात याचे ठोकताळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रसायनशास्त्रज्ञांना तोंडपाठ होते. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठातल्या टॉर्बर्न बेर्गमन यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात द्रावणातील पदार्थ ओळखण्याच्या कसोट्या पद्धतशीर मांडल्या. १८४१ मध्ये जर्मनीत रेमिगिउस फ्रेझेनिउस यांचे गुणात्मक विश्लेषणावरचे पुस्तक निघाले आणि पुढच्या पिढ्या त्यावरच शिकल्या. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत आजही विद्यार्थी हायड्रोजन सल्फाइडचा कुजक्या अंड्यांसारखा वास सहन करत धातूंचे गट वेगळे करतात, ती पद्धत याच परंपरेतली.

नियम थोडक्यात असे. सोडिअम, पोटॅशिअम आणि अमोनिअमचे जवळपास सगळे क्षार विरघळतात. नायट्रेटे कोणत्याही धातूची असोत, बहुधा विरघळतातच. क्लोराइडेही विरघळतात, चांदी, शिसे आणि पाऱ्याचे एक क्लोराइड एवढे ठळक अपवाद. सल्फेटेही बहुतेक विरघळतात, पण बेरिअम, स्ट्रॉन्शिअम आणि शिसे यांची नाहीत आणि कॅल्शिअमचे जेमतेम. उलट कार्बोनेटे, फॉस्फेटे आणि सल्फाइडे यांतली बहुसंख्य पाण्याला दाद देत नाहीत.

‘अविद्राव्य’ म्हणजे अजिबात न विरघळणारा असे मात्र नाही. प्रश्न प्रमाणाचा असतो. आवर्तसारणीच्या दुसऱ्या गणातील धातूंची सल्फेटे घेतली की हे नीट दिसते. मॅग्नेशिअम सल्फेट खोलीच्या तापमानाला लिटरभर पाण्यात ३०० ग्रॅमांहून अधिक विरघळते, कॅल्शिअम सल्फेट सुमारे २ ग्रॅम, स्ट्रॉन्शिअम सल्फेट ग्रॅमच्या सातव्या-आठव्या भागाइतके आणि बेरिअम सल्फेट अवघे अडीच मिलिग्रॅम. त्याच रांगेत बेरिअमच्या खाली रेडिअमची जागा आहे आणि त्याचे सल्फेट बेरिअमच्या सल्फेटाहूनही कमी विरघळते. बेरिअमचे विद्राव्य क्षार विषारी असतात. तरीही पोटाचा एक्स-रे काढण्यापूर्वी रुग्णाला बेरिअम सल्फेट पाजता येते, कारण ते न विरघळता जसेच्या तसे शरीराबाहेर पडते.

असे का होते? क्षाराचा स्फटिक धन आणि ऋण विद्युतभाराच्या कणांच्या, म्हणजे आयनांच्या, परस्पर ओढीवर उभा असतो. पाण्याचे रेणू या आयनांना वेढून सुटे करू पाहतात. आयनांची एकमेकांवरची पकड भारी ठरली तर क्षार तळाशी राहतो, पाण्याची ओढ भारी ठरली तर तो विरघळतो. द्रावणात क्षार आयनांच्या रूपात वावरतो ही कल्पना स्वांते अऱ्हेनिउस यांनी १८८४ मध्ये मांडली. त्या आधाराने वाल्थर नेर्न्स्ट यांनी १८८९ मध्ये दाखवले की, अल्पविद्राव्य क्षाराच्या द्रावणात दोन्ही आयनांच्या संहतींचा गुणाकार एका ठराविक मर्यादेपलीकडे जाऊ शकत नाही. एक आयन बाहेरून वाढवला की दुसऱ्याला द्रावणातून बाहेर पडावे लागते. क्यूरी दांपत्य कामाला लागले तेव्हा हा सिद्धान्त जेमतेम दहा वर्षांचा होता.

योआखिम्सथालचा चोथा

बोहेमियातील योआखिम्सथाल (आजच्या चेक प्रजासत्ताकातील याखिमोव्ह) हे सोळाव्या शतकापासून चांदीच्या खाणींसाठी प्रसिद्ध गाव. तिथे पिचब्लेंड नावाचे काळे, जड खनिजही सापडे. मार्टिन क्लाप्रोट यांनी १७८९ मध्ये पिचब्लेंडमध्येच युरेनिअम ओळखले. युरेनिअमच्या क्षारांनी काचेला आणि चिनी मातीच्या भांड्यांना पिवळे-हिरवे रंग चढवता येत, म्हणून योआखिम्सथालमध्ये ते काढण्याचा कारखाना उभा राहिला.

तिथली रीत साधी होती. खनिज दळायचे, सोडिअम कार्बोनेट घालून भाजायचे, मग कोमट पाण्याने आणि नंतर सौम्य गंधकाम्लाने (सल्फ्यूरिक आम्लाने) धुवायचे. युरेनिअमचे सल्फेट विद्राव्य असल्याने ते द्रावणात उतरे. जे उतरत नसे तो चोथा, आणि तो जवळच्या पाइनच्या जंगलात टाकला जाई. खनिजातले बेरिअम आणि त्याच्या जोडीचे रेडिअम गंधकाम्लाशी गाठ पडताच अविद्राव्य सल्फेट होऊन बसे. कारखाना युरेनिअम घेऊन जाई आणि रेडिअम जवळपास सगळेच्या सगळे उकिरड्यावर जाई. क्यूरींनी पुढे मोजले तेव्हा या टाकाऊ चोथ्याची किरणोत्सारिता युरेनिअम धातूच्या साडेचारपट भरली.

१८९८: दोन नवी मूलद्रव्ये

आंरी बेकेरेल यांनी १८९६ मध्ये युरेनिअमच्या क्षारांतून निघणारे किरण शोधले. वॉर्सा येथे जन्मलेल्या मारी स्क्लोडोव्स्का-क्यूरी यांनी डॉक्टरेटसाठी हाच विषय घेतला. पिएर आणि त्यांचे बंधू जाक यांनी १८८० मध्ये क्वार्ट्झच्या स्फटिकावर दाब दिला असता विद्युतभार निर्माण होतो हे दाखवले होते. त्या तत्त्वावरच्या उपकरणाने आणि विद्युतमापीने अतिशय क्षीण प्रवाह मोजता येई. किरणांमुळे हवा किती वीजवाहक होते ते पाहून किरणोत्सारितेला आकडा देणे त्यामुळे शक्य झाले.

पिचब्लेंडचे नमुने मोजले तर ते युरेनिअमच्या तिप्पट किंवा त्याहून अधिक क्रियाशील, म्हणजे किरणोत्सारी, निघाले. चाल्कोलाइट या दुसऱ्या युरेनिअम-खनिजाचेही तसेच. मारी यांनी तेच चाल्कोलाइट प्रयोगशाळेत शुद्ध रसायनांपासून बनवून पाहिले. ते मात्र त्यातल्या युरेनिअमच्या हिशेबापेक्षा अधिक क्रियाशील नव्हते. नैसर्गिक खनिजात आणखी काहीतरी होते, हा निष्कर्ष एप्रिल १८९८ मध्ये प्रसिद्ध झाला.

मग विश्लेषण सुरू झाले. खनिज आम्लात विरघळवून त्यातून हायड्रोजन सल्फाइड सोडले. सल्फाइडांचा अवक्षेप, म्हणजे तळाशी बसलेला साका, किरणोत्सारी निघाला. त्यातून शिसे सल्फेटाच्या रूपात आणि तांबे अमोनियाच्या मदतीने वेगळे काढले, तरी किरणोत्सारिता बिस्मथसोबत राहिली. बिस्मथ स्वतः किरणोत्सारी नव्हते, म्हणून १८ जुलै १८९८ रोजी त्यांनी त्याच्यासोबतच्या नव्या मूलद्रव्याला मारींच्या मायदेशावरून ‘पोलोनिअम’ नाव दिले.

दुसरा क्रियाशील पदार्थ बेरिअमच्या मागे लागलेला होता. २६ डिसेंबर १८९८ रोजी गुस्ताव्ह बेमों यांच्यासह प्रसिद्ध केलेल्या टिपणात त्याची ओळख जवळजवळ पूर्णपणे विद्राव्यतेच्या भाषेत आहे. हायड्रोजन सल्फाइड, अमोनिअम सल्फाइड आणि अमोनिया यांपैकी कशानेही त्याचा अवक्षेप पडत नाही. त्याचे सल्फेट पाण्यात आणि आम्लात अविद्राव्य, कार्बोनेट पाण्यात अविद्राव्य. क्लोराइड पाण्यात भरपूर विरघळते, पण संहत हायड्रोक्लोरिक आम्लात आणि अल्कोहोलात विरघळत नाही. हे सारे वर्णन बेरिअमलाच लागू पडते, पण साधे बेरिअम किरणोत्सारी नसते.

फरक करायला एकच फट सापडली. क्लोराइडाच्या द्रावणात अल्कोहोल घालून थोडाच भाग खाली बसवला तर तो भाग उरलेल्या द्रावणापेक्षा अधिक क्रियाशील निघे. हे पुन्हा पुन्हा करत त्यांनी युरेनिअमच्या ९०० पट क्रियाशील नमुना मिळवला. वर्णपटाचे जाणकार एझेन दमार्से यांना त्याच्या वर्णपटात ३८१.५ नॅनोमीटरच्या सुमारास कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशी न जुळणारी रेषा दिसली. नमुन्याची किरणोत्सारिता वाढत गेली तशी ही रेषाही ठळक होत गेली. नव्या मूलद्रव्याचे नाव ठरले ‘रेडिअम’.

टनभर माल आणि एक गळकी शेड

वर्णपटाची एक रेषा रसायनशास्त्रज्ञांना पुरेशी नव्हती. मूलद्रव्य म्हणून मान्यता हवी तर शुद्ध क्षार आणि त्यावरून काढलेला अणुभार हवा. सुरुवातीला क्यूरींचा अंदाज होता की खनिजात नव्या द्रव्याचे प्रमाण शेकडा एक असेल. प्रत्यक्षात ते दहा लाखांत एक भागाहूनही कमी निघाले. पिचब्लेंड महाग होते, पण योआखिम्सथालचा चोथा कुणाला नको होता. व्हिएन्नाच्या विज्ञान अकादमीचे अध्यक्ष एदुआर्ट झ्यूस यांनी शब्द टाकला आणि ऑस्ट्रियन सरकारने एक टन चोथा देऊ केला. पॅरिसला पोचलेल्या गोण्यांतल्या तपकिरी भुकटीत पाइनच्या सुयाही मिसळलेल्या होत्या. पुढे असा आणखी कित्येक टन माल आला.

काम चालले ते रू लोमों रस्त्यावरच्या भौतिकी व औद्योगिक रसायन विद्यालयाच्या आवारातील एका शेडमध्ये. पूर्वी तिथे वैद्यकीय विद्यार्थी शवविच्छेदन करत. काचेचे छप्पर गळके, धुराडी नाहीत. म्हणून विषारी वाफा निघणारी कामे शक्य तेव्हा अंगणात करावी लागत. मारी एका वेळी २० किलोपर्यंत माल घेऊन तो जड लोखंडी सळईने ढवळत. कामाचा व्याप वाढला तेव्हा पहिल्या ढोबळ पायऱ्या आंद्रे दबिएर्न यांच्या देखरेखीखाली एका रसायन कारखान्यात होऊ लागल्या. याच दबिएर्न यांना १८९९ मध्ये पिचब्लेंडमध्ये अ‍ॅक्टिनिअम सापडले.

चोथ्यात मुख्यतः शिशाचे आणि कॅल्शिअमचे सल्फेट, सिलिका, अ‍ॅल्युमिना आणि लोहाचे ऑक्साइड होते. रेडिअम त्यात सर्वांत हट्टी सल्फेटाच्या रूपात दडले होते. त्याला पाण्यात आणायचे तर आधी सल्फेटाचा भाग त्याच्यापासून तोडायला हवा होता.

पहिल्या पायरीत चोथा कॉस्टिक सोड्याच्या संहत द्रावणात उकळत. शिसे, अ‍ॅल्युमिनिअम आणि कॅल्शिअम यांच्याशी बांधलेले सल्फेट आता सोडिअमकडे जाई. सोडिअम सल्फेट विद्राव्य, त्यामुळे ते पाण्याने धुऊन निघे. त्याच वेळी शिसे, सिलिका आणि अ‍ॅल्युमिना यांचाही मोठा भाग अल्कात उतरे. उरलेल्या गाळावर हायड्रोक्लोरिक आम्ल ओतले की बहुतेक धातूंची विद्राव्य क्लोराइडे होऊन निघून जात. बेरिअम आणि रेडिअम यांची सल्फेटे मात्र अजूनही तळाशी पाय रोवून असत.

दुसऱ्या पायरीत हा गाळ सोडिअम कार्बोनेटच्या, म्हणजे धुण्याच्या सोड्याच्या, संहत द्रावणात उकळत. बेरिअम सल्फेट हे बेरिअम कार्बोनेटाहून कमी विद्राव्य आहे, तेव्हा ही अदलाबदल उलट्या दिशेने व्हावी असे वाटेल. पण कार्बोनेट मुबलक असेल तर तराजू दुसरीकडे झुकतो. नॉर्वेच्या काटो गुल्डबर्ग आणि पेटर वोगे यांनी वस्तुमान-क्रियेचा नियम मांडताना बेरिअम सल्फेट आणि पोटॅशिअम कार्बोनेट यांचीच जोडी तपासली होती. वरचे द्रावण ओतून गाळ भरपूर पाण्याने धुतला की सुटलेले सल्फेट निघून जाई आणि बेरिअम-रेडिअम कार्बोनेट हाती राही.

कार्बोनेट पाण्यात विरघळत नसले तरी आम्लात फसफसून विरघळते. म्हणून तिसऱ्या पायरीत सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल घालत आणि रेडिअम क्लोराइड होऊन पहिल्यांदाच पाण्यात उतरे. इथे डोळ्यांत तेल घालून पाहावे लागे: आम्लात गंधकाम्लाचा अंश राहिला तर तेवढे बेरिअम आणि रेडिअम पुन्हा सल्फेट होऊन तळाशी बसणार. द्रावण गाळून झाल्यावर मात्र हेच गंधकाम्ल मुद्दाम घालत. मग रेडिअमयुक्त बेरिअम सल्फेटाचा ढोबळ साका मिळे: एक टन चोथ्यातून १० ते २० किलो, युरेनिअमच्या ३० ते ६० पट क्रियाशील. त्यातले रेडिअम इतके थोडे होते की एकट्याने त्याचा दिसण्याजोगा साकाही पडला नसता. आकाराने जवळच्या बेरिअम आयनांच्या स्फटिकात जागा घेऊन ते खाली येत होते.

हा साका पुन्हा कार्बोनेट आणि क्लोराइड या मार्गाने नेत. हायड्रोजन सल्फाइडने आणि अमोनियाने उरलेसुरले परके धातू काढून टाकत. शेवटी कोरडे क्लोराइड संहत हायड्रोक्लोरिक आम्लाने धूत. कॅल्शिअम क्लोराइड त्यात विरघळून जाई, बेरिअम आणि रेडिअमचे क्लोराइड मागे राही. टनभर चोथ्याचे आता सुमारे ८ किलो उरले होते.

स्फटिकांची चढती रांग

आता बेरिअम आणि रेडिअम या जुळ्यांना अलग करायचे होते. दोघांची क्लोराइडे विरघळतात, पण सारखी नाहीत. २० अंश सेल्सिअसला १०० ग्रॅम पाण्यात बेरिअम क्लोराइड सुमारे ३६ ग्रॅम, तर रेडिअम क्लोराइड सुमारे २५ ग्रॅम विरघळते. फरक थोडा असला तरी पुरेसा होता.

शुद्ध ऊर्ध्वपातित पाण्यात क्लोराइडाचे उकळते संपृक्त द्रावण करून ते झाकलेल्या भांड्यात निवू देत. तळाला स्फटिक धरत आणि वरचे द्रावण अलगद निथळून काढता येई. निथळलेल्या द्रावणातला क्षार आटवून मोजला तर तो स्फटिकांच्या एक-पंचमांश इतकाच क्रियाशील असे. स्फटिक पुन्हा विरघळवून पुन्हा जमवायचे. त्याचे निथळलेले द्रावण आधीच्या द्रावणातून मिळालेल्या स्फटिकांत घालायचे. अशा रीतीने भांड्यांची रांग तयार होई. स्फटिक रांगेत एका दिशेने सरकत आणि द्रावण दुसऱ्या दिशेने. क्षीण टोकाला जवळपास निव्वळ बेरिअम उरे, ते काढून टाकत. सशक्त टोकाला रेडिअम साठत जाई. प्रत्येक टप्प्यावर विद्युतमापीचा आकडा सांगे की माल कोणत्या टोकाला चालला आहे.

सशक्त टोकाकडचा माल इतका कमी होई की त्याचे संपृक्त द्रावण भांड्याच्या तळाला थेंबभर दिसावे. तेव्हा साध्या पाण्याऐवजी हायड्रोक्लोरिक आम्ल मिसळलेले पाणी वापरत. आम्लातल्या क्लोराइड आयनांमुळे क्षाराची विद्राव्यता घटते, म्हणून तेवढ्याच क्षाराला अधिक द्रव लागतो आणि काम हाताळता येते. हा नेर्न्स्ट यांच्या नियमाचाच उपयोग. ब्राउनश्वाइगच्या फ्रीड्रिख गीझेल यांना आढळले की क्लोराइडांऐवजी ब्रोमाइडे घेतली तर रेडिअम अधिक वेगाने वेगळे होते. पुढे अनेकांनी ब्रोमाइडेच पसंत केली.

या अवस्थेत स्फटिकांचे रंगही बोलू लागत. रेडिअम वाढलेले स्फटिक जमताना रंगहीन असत, मग पिवळे, केशरी आणि कधी गुलाबी होत. विरघळवले की रंग नाहीसा होई. शुद्ध रेडिअम क्लोराइडाजवळ पोचल्यावर मात्र हा रंग दिसेनासा होई. तेव्हा रंगाचे जाणे हेही शुद्धतेचे एक लक्षण ठरले. शेडमधली कोळशाची आणि लोखंडाची धूळ हे या नाजूक कामातले सर्वांत मोठे विघ्न होते. पिएर कंटाळून हे काम पुढे ढकलायला तयार होते. मारी यांनी ते सोडले नाही.

चांदीची साक्ष

अणुभार काढण्यासाठीही एका अविद्राव्य क्षाराचाच आधार घेतला गेला. कोरडे रेडिअम क्लोराइड तोलायचे, पाण्यात विरघळवायचे आणि त्यात सिल्व्हर नायट्रेट घालायचे. द्रावणातले सगळे क्लोरीन सिल्व्हर क्लोराइडच्या पांढऱ्या साक्यात खाली बसते. साका तोलला की क्लोरीन किती ते कळते आणि उरलेले वजन रेडिअमचे. बेरिअमप्रमाणे रेडिअमचा एक अणू क्लोरीनचे दोन अणू बांधतो असे धरले की अणुभार निघतो. कमी शुद्ध नमुन्यांत तो १४० च्या आसपास, म्हणजे बेरिअमच्या १३७ ला चिकटून येई. शुद्धता वाढली तसा तो १४६ आणि मग १७४ असा चढत गेला. १९०२ मध्ये डेसिग्रॅमभर क्षारावर मारी यांनी २२५ हा आकडा जाहीर केला. आवर्तसारणीत बेरिअमच्या खालची रिकामी जागा त्याला चपखल बसली. १९०७ मध्ये चारपट क्षार घेऊन केलेल्या मोजणीत आकडा २२६ च्या किंचित वर गेला. आज तो २२६ मानतात.

मारी यांनी जून १९०३ मध्ये प्रबंध सादर केला. त्याच वर्षी बेकेरेल यांच्यासह दोघांना भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. क्यूरींनी आपल्या पद्धतीचे पेटंट घेतले नाही. ती जशीच्या तशी प्रसिद्ध केली. १९०६ मध्ये पिएर अपघातात गेले. १९१० मध्ये मारी आणि दबिएर्न यांनी रेडिअम क्लोराइडाच्या द्रावणातून वीज सोडून धातुरूप रेडिअम मिळवले आणि १९११ मध्ये मारी यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. त्याच वर्षी त्यांनी काचेच्या नळीत बंद केलेले २१.९९ मिलिग्रॅम शुद्ध रेडिअम क्लोराइड हे पुढे रेडिअमचे आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरले.

आज जगात रेडिअम मिळवण्यापेक्षा ते दूर ठेवण्याची निकड अधिक आहे आणि त्यासाठीही हेच रसायन कामी येते. तेलविहिरींच्या नळांत बेरिअम सल्फेटाचा थर जमतो तेव्हा भूगर्भातल्या पाण्यातले रेडिअम त्यात अडकते, म्हणून अशा नळांची साफसफाई किरणोत्साराची खबरदारी घेऊन करावी लागते. युरेनिअमच्या कारखान्यांतून बाहेर पडणाऱ्या सल्फेटयुक्त पाण्यात बेरिअम क्लोराइड घातले की बेरिअम सल्फेट खाली बसते आणि जाताना रेडिअमलाही सोबत नेते. झारखंडमधील जादुगुडा येथील युरेनिअम प्रकल्पाच्या सांडपाणी शुद्धीकरणातही हीच रीत वापरली जाते.